अकरावा नंबर

वाडीत अमरावती रोडच्या गोदामांमागं जी वस्ती आहे, तिथं प्रेमिला रामटेके म्हटलं की लोक आधी तिचा राग सांगत आणि मग तिचं घर दाखवत. एकदा शाळेच्या फाटकात ट्रक आडवा लावून ड्रायव्हर जेवायला गेला. प्रेमिला केबिनमध्ये चढली आणि तो हात धुऊन येईस्तोवर हॉर्न दाबून बसली. बारा चाकांचा ट्रक असा बोंबलत होता की गोदामातले हमाल कानात बोटं घालून बाहेर आले. ड्रायव्हर शिव्या देतच परतला, पण तिचं तोंड पाहून गपगुमान गाडी काढून घेऊन गेला.

नवरा जितेंद्र ट्रकच्या बॉड्या रंगवायचा. शांत माणूस. शेजाऱ्यांना तो सांगे, "तिच्या रागाच्या मंधात जाऊ नका गा. मी तीस वर्षं नाही गेलो, म्हणून शाबूत आहो." सगळे हसत. स्वभावच तसा, म्हणत. एवढा राग एका बाईच्या अंगात आला कुठून, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

तिचं लहानपण सावनेरकडं, कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीत गेलं. बाप, दादाजी, खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर होता. वस्तीपासून मैलभरावर मुरमाची एक जुनी खदान होती, काम बंद पडून वर्षं झालेली, पाण्यानं काठोकाठ भरलेली. पाणी हिरवं आणि आत पाय घालताच हाड गोठेल असं. दिवसभर पाणी उपसणारा हा माणूस रविवारी पोरीच्या कमरेला दोर बांधून तिला त्याच पाण्यात सोडायचा आणि काठावर बसून ओरडायचा, "दोन्ही हात संगं! दोन्ही पाय संगं! बेडूक कधी एक पाय मारते का वं?"

प्रेमिला बेडकासारखी पोहायला शिकली. नंतर तिला कळलं की या पोहण्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात आणि त्यात शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लावावे लागतात. दहावीत असताना शाळेच्या कुसुमताईंनी तिला नागपूरला निवड चाचणीसाठी आणलं. साल एकोणीसशे पंच्याऐंशी. जलवीर मंडळाचा तलाव, फरशी लावलेला, तळाशी काळ्या रेघा. असं पाणी तिनं पहिल्यांदाच पाहिलं. तळ दिसत होता म्हणून तिला उलट भीती वाटली. पण शिट्टी वाजली आणि ती गेली. शंभर मीटरला दुसरी आलेली मुलगी तिच्यापेक्षा अख्ख्या अंगभर मागं होती.

दोन दिवसांनी यादी लागली. प्रेमिलाचं नाव नव्हतं. त्या जागी मंडळाचे सचिव मनोहरराव यांच्या पुतणीचं नाव होतं, जी अंगभर मागं होती तिचं.

दादाजी पोरीला घेऊन मनोहररावांच्या टेबलापुढं उभा राहिला. हात जोडलेले.

"साहेब, पोरगी पहिली आली होती."

"तिचा शेवटी एकच हात लागला. फाऊल आहे तो," मनोहरराव कागदावरून मान न उचलता म्हणाले.

"मी कडेलेच उभा होतो, साहेब. दोन्ही लागले."

तेव्हा मनोहररावांनी मान उचलली. "तुम्ही काय करता?"

"खाणीत पंपावर आहो, साहेब."

"मग पंप चालवा. हे टेक्निकल काम आहे. खदानीत डुंबणं वेगळं आणि हे वेगळं. पुढच्या वर्षी आणा तिला."

दादाजी म्हणाला, "बरं, साहेब."

या दोन शब्दांचा प्रेमिलाला जो राग आला, तो मनोहररावांचाही आला नव्हता. सावनेरच्या बसमध्ये ती बापाशेजारी बसली नाही, मागं जाऊन उभी राहिली. बाप दोनदा वळून पाहत होता. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "येत्या रविवारी जायचं नं खदानीवर?" ती म्हणाली, "नाही." त्या रविवारी गेली नाही, पुढच्याही नाही. सदतीस वर्षं ती पाण्यात उतरली नाही.

मधल्या काळात जे सगळ्यांचं होतं ते तिचंही झालं. लग्न झालं. कळमेश्वरच्या कारखान्यात पॅकिंगला चोवीस वर्षं तिनं उभ्यानं काढली. प्रीती झाली, शिकली, बँकेत लागली. दादाजी गेला. कारखान्यात सुपरवायझर बायकांना बाथरूमला जायची वेळ घड्याळ लावून देई. तिनं त्याचं घड्याळ काढून घेतलं आणि युनियनच्या सायबापुढं ठेवलं. राशनच्या दुकानात, दवाखान्यात, जिथं कुणी "हे तुम्हाला नाही समजणार" म्हणालं, तिथं तिच्या डोक्यात काहीतरी तडकन तुटायचं. लोक म्हणायचे, एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय? एवढीशी गोष्ट तिला कधी दिसलीच नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी गुडघे गेले. उभं राहून राहून झिजले, डॉक्टर म्हणाला. पाण्यात चाला, म्हणाला. प्रीतीनं शोधून काढलेला तलाव निघाला जलवीर मंडळाचा. दुपारी बारा ते एक बायकांची बॅच. प्रेमिला दारावरची पाटी वाचून पाच मिनिटं रस्त्यावरच उभी राहिली.

"आई, काय झालं? दुसरीकडं जायचं का?"

"काहून? पाणी का त्यांच्या बापाचं आहे?" ती म्हणाली आणि आत शिरली.

आतल्या शिकवणाऱ्या मुलीनं तिला कडेची नळी धरून चालायला सांगितलं. "घाबरू नका काकू, इथं चारच फूट आहे." प्रेमिला चार पावलं चालली. पाचव्या पावलाला तिनं नळी सोडली, डोकं आत घातलं आणि दोन्ही हात पुढं फेकले. पंचवीस मीटरच्या त्या टोकाला जाऊन तिनं भिंतीला हात लावले, दोन्ही, एकदम. मागं सगळ्या बायका नळी धरून बघत राहिल्या. ती धापा टाकत होती, छाती फुटेलसं झालं होतं, आणि ती रडत होती. पण पाण्यात ते कुणाला कळलं नाही. एवढी वर्षं मी कुणासाठी बाहेर राहिली, हा विचार तिच्या मनात आला आणि त्या विचाराचाच तिला भयंकर राग आला.

त्या रागानं ती रोज जाऊ लागली. दोन वर्षांत जिल्हा झाला, राज्य झालं, मास्टर्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकला पाचवी आली. मास्टर्स म्हणजे मोठ्या वयाच्या लोकांची स्पर्धा, पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले. जितेंद्रला आधी लाज वाटली. "या वयात त्या चड्डीबनियनवर..." तो एवढंच बोलला, आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं. पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

मग बँकॉकची आशियाई मास्टर्स स्पर्धा आली. नागपूरचा नऊ जणांचा संघ निघाला. संघप्रमुख होता विहंग, मनोहररावांचा मुलगा. मंडळाचा सचिव आता तो होता. चाळिशीचा, गोड बोलणारा, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. प्रेमिला त्याच्याशी कामापुरतं बोलायची. बापाचं पोराच्या माथी मारायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं, आणि ते पाळायला तिला फार जड गेलं होतं. प्रीती सुट्टी काढून आईसोबत आली.

शर्यतीच्या दिवशी प्रेमिला तिसऱ्या हीटमध्ये, म्हणजे तिसऱ्या तुकडीत होती, लेन दोन. पंचावन्न ते एकोणसाठचा गट, एकूण एकोणीस बायका. फायनल वगैरे काही नाही. सगळ्या हीट झाल्या की वेळेवरून नंबर लावायचे. पन्नास मीटरची शर्यत असल्यानं सुरुवात पलीकडच्या टोकाहून आणि शेवट अलीकडं, जिथं पंच आणि फलक होते तिथं. तिनं निळी टोपी घातली होती. उडी मारायच्या ब्लॉकवर चढताना गुडघा कुरकुरला. लांब शिट्टी झाली. आठ बायका वाकल्या, कुणाच्या पोटाला वळ्या, कुणाच्या पायावर शिरांची जाळी. मग भोंगा.

पाण्याखाली दोन्ही हात एकदा लांब ओढून ती वर आली आणि त्यानंतर तिला लेनची दोरीसुद्धा दिसली नाही. हात, पाय, श्वास. हात, पाय, श्वास. पस्तीस मीटरला मांड्या दगड झाल्या. शेवटच्या पाच मीटरला तिनं श्वासच घेतला नाही. भिंत आली आणि तिनं दोन्ही तळहात तिच्यावर असे आपटले की मनगटं झिणझिणली.

फलकावर लेन दोनसमोर आकडा आला: ४९.६२. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. स्टँडमधून प्रीती किंचाळली. प्रेमिला शिडीवरून वर आली, टॉवेल घेतला, आणि सहज पुन्हा फलकाकडं पाहिलं. आकडा गेला होता. त्या जागी दोनच अक्षरं होती. डीक्यू. बाद.

तिला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. मग प्रीती धावत खाली आली. भिंतीवर लावलेला कागद तिनं वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"काय लिहिलं आहे?"

"आई..."

"वाच नं वं!"

"शेवटी एकच हात लागला, असं लिहिलं आहे."

तलाव, माणसं, गोंगाट, सगळं लांब गेलं. जन्मात प्रेमिलानं भिंतीला एकच हात लावला नव्हता. सरावातसुद्धा नाही. दमून बुडायची वेळ आली तरी नाही. सोबतच्या बायका हसायच्या, काकू भिंतीवर भाकरी थापतात, म्हणायच्या.

नियम प्रीतीनं विचारून आणला. अर्ध्या तासाच्या आत लेखी तक्रार करता येते, पण ती संघप्रमुखाच्या सहीनंच. खेळाडूला स्वतः करता येत नाही. दोघी विहंगला शोधायला निघाल्या. प्रेमिला तशीच, ओली, अनवाणी, खांद्यावर टॉवेल. तो सरावाच्या तलावापाशी सापडला नाही. संघाच्या बाकावर नाही. पंधरा मिनिटं गेली. शेवटी तो बाहेर खाण्याच्या दुकानांपाशी दिसला, करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम खात.

"विहंग, सही कर," प्रेमिला म्हणाली. प्रीतीनं कागद पुढं केला.

त्यानं कागद वाचला. "अरे, काकू, बसा ना आधी. किती थकल्या आहात. अहो, हे इंटरनॅशनल जज्ज आहेत. आपण काय सांगणार त्यांना?"

"तू काही नको सांगू. सांगीन मी. तू सही कर."

"काकू, पण मेडल थोडीच येत होतं? दहावा, अकरावा नंबर. त्यासाठी तक्रार केली तर आपल्याच संघाचं नाव खराब होते. पुढच्या वर्षी बघू ना."

पुढच्या वर्षी. तोच सूर. तेच मान न उचलणं. हा तर करवंटीतलं आइस्क्रीम खरवडत होता. प्रेमिलाच्या आत जे स्वतःला बजावून ठेवलेलं होतं, ते सगळं एका क्षणात सुटलं.

"मान वर कर!" ती ओरडली. आजूबाजूची पन्नास माणसं वळली. "माह्याकडं पाहून बोल! चाळीस वर्षांआधी तुह्या बापानं हेच सांगतलं होतं मले. एकच हात लागला, पुढच्या वर्षी या. माहा बाप हात जोडून उभा होता आणि तो म्हणे, पंप चालवा. तुह्या चुलतबहिणीले पाठवलं माह्या जागेवर! तवा मी सोळा वर्षांची होती, तवा मले बोलता नाही आलं. आता येते! मेडल कोण मागून राहिलं तुले? माहा नंबर पाहिजे मले! अकरावा तर अकरावा, पण माहा आहे तो! कर सही!"

विहंगच्या हातातली करवंटी कलली आणि आइस्क्रीम त्याच्या बुटावर सांडलं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण त्यानं तिचा राग कणभरही कमी झाला नाही. त्यानं सही केली. सात मिनिटं उरली होती.

मुख्य पंच एक उंच, पांढऱ्या कपड्यांतली बाई होती. प्रीती इंग्रजीत बोलत होती. प्रेमिला शेजारी उभी राहून आपले दोन्ही तळहात पुढं करून दाखवत होती. प्रीतीनं फोनवरचा व्हिडिओ दाखवायला काढला, तर पंचबाईनं मान हलवली. बाहेरचं चित्रण चालत नाही. मग तिनं शेवटच्या भिंतीवरच्या पंचाला बोलावलं. वयस्कर, बारीक, घामेजलेला माणूस. त्यानं आपली चिठ्ठी दाखवली: तिसरी हीट, लेन दोन.

"झालं, आता काही होत नाही," मागून विहंग पुटपुटला.

"तू गप राह्य," प्रेमिला म्हणाली.

पंचबाईनं त्या माणसाला हळू आवाजात काहीतरी विचारलं. प्रीतीनं भाषांतर केलं, "आई, त्या विचारताहेत, टोपी कोणत्या रंगाची होती."

तो माणूस विचार करून म्हणाला, पांढरी.

प्रेमिलाच्या मुठीत अजून टोपी होती. तिनं ती टेबलावर आपटली. निळी. तिच्यातलं पाणी पंचबाईच्या कागदांवर उडालं.

मग उलगडा झाला. सुरुवात पलीकडून होती, आणि तो पंच आत्तापर्यंत त्या टोकाला उभा होता. ऐनवेळी त्याला या बाजूला आणलं, आणि त्यानं लेन त्याच सवयीनं मोजल्या, उलट्या. तिकडून मोजलं की सातवी लेन दुसरी होते. पंचबाई तलावाकडं पाहत राहिली. चूक त्याची होती, पण तो ती कबूल करत नव्हता; टोपीचं नक्की आठवत नाही, असं आता म्हणू लागला.

एवढ्यात टेबलापाशी एक बाई आली. आखूड पांढरे केस, उजव्या खांद्यावर पट्ट्या चिकटवलेल्या, हातात पांढरी टोपी. तिथं काय चाललंय, हे ती लांबून बघत होती. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तिनं डावा हात वर केला, मग उजव्या खांद्यावर थापटून उजवा हात वर जात नाही असं दाखवलं, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "मी. एक हात. मी."

कुठल्या देशाची होती ती, ते प्रेमिलाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या जाकिटावरचा झेंडा तिला ओळखता आला नाही. त्या बाईनं येऊन स्वतःचाच नंबर खोडून टाकला होता, आणि तरी ती प्रेमिलाकडं पाहून ओशाळल्यासारखी हसत होती. प्रेमिलानं तिचा चांगला हात दोन्ही हातांत धरला. "खांद्याले शेकत जा," ती मराठीतच म्हणाली.

अर्ध्या तासानं नवा कागद लागला. प्रेमिला रामटेके, ४९.६२, अकरावी.

परतताना विमानात ती खिडकीबाहेर बघत होती. प्रीतीनं विचारलं, "आई, आजोबा तेव्हा भांडले काहून नाहीत?"

प्रेमिला म्हणाली, "त्याले दुसऱ्या दिवशी पंपावर जायचं होतं. सायबांचे साय‌ब एकमेकांच्या ओळखीचे असत. नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं आम्ही?" मग म्हणाली, "हे मले तवाच समजलं होतं. तरी मी बसमध्ये त्याच्याजवळ नाही बसली." आणि तिनं तोंड पुन्हा खिडकीकडं वळवलं.

नागपुरात उतरून टॅक्सी वाडीला आली, तर नाक्यावर मोठा फ्लेक्स. त्यावर प्रेमिलाचा टोपीतला फोटो, त्याच्या दुप्पट विहंगचा, आणि वर कोपऱ्यात गोलात मनोहरराव. 'आशियाई कांस्यपदक विजेत्या प्रेमिलाताई रामटेके यांचे हार्दिक अभिनंदन. मार्गदर्शक : मा. मनोहरराव.'

"थांबवा गाडी," प्रेमिला म्हणाली.

तिनं फ्लेक्स तीनदा वाचला. विहंगला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, सांघिक रिलेत आपल्या पुरुषांना ब्राँझ आलं ना, ते मिळूनच लिहिलं. लोकांना काय कळतं? रविवारी सत्कार आहे, शाल आहे, बाबाही येणार आहेत."

"बाबा येऊन राहिले?" तिनं विचारलं. "मग मी येते."

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. जितेंद्रनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मनोहरराव पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, ऐंशी पार केलेले, काठी गुडघ्यांत, मफलर गुंडाळलेला. सूत्रसंचालकानं कांस्यपदक म्हटलं आणि टाळ्या पडल्या. प्रेमिलानं माइक हातात घेतला.

"मले कोणतंच पदक नाही भेटलं," ती म्हणाली. "एकोणीस जणींत मी अकरावी आली. नाक्यावर जे छापलं आहे ते खोटं आहे. आजच्या आज काढा, नाहीतर मी काढीन."

टाळ्या अर्ध्यात विरल्या. मागं कुणीतरी खुदकन हसलं. विहंग माइक घ्यायला पुढं सरसावला. तिनं त्याला नुसता हात दाखवला आणि ती मनोहररावांकडं वळली.

"साहेब, मले ओळखलं?"

"हो, हो," ते हसले. "आपली खेळाडू."

"पंच्याऐंशी साली मी निवड चाचणीत पहिली आली होती. माहा बाप दादाजी तुमच्यापुढं उभा होता. तुम्ही म्हणाले, एकच हात लागला. किती हात लागले होते, साहेब?"

मनोहररावांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. भीती नाही, लाज नाही, काही लपवल्याची खूणही नाही. ते शेजारच्याकडं वळून म्हणाले, "काय म्हणताहेत या?" मग पुन्हा तिच्याकडं, समजुतीनं, "खूप मुली यायच्या त्या काळी, ताई. सगळ्या कुठं लक्षात राहतात?"

चाळीस वर्षं तिनं या माणसाशी मनातल्या मनात भांडण केलं होतं. पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभं राहून, भांडी घासताना, पाण्यात डोकं घालून. आणि त्याच्या डोक्यात ती एक दिवससुद्धा राहिली नव्हती. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. समोर कुणीतरी शाल उलगडून धरली होती. तिनं मान वाकवली नाही. माइक टेबलावर ठेवला आणि ती मधल्या वाटेनं बाहेर निघाली. जितेंद्र धडपडत मागून आला.

ऑटोत ती रागानं रडली. पदर तोंडात कोंबून रडली.

"मले कधी सांगतलं नाही वं तू हे," जितेंद्र म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलं?"

तो ऑटोवाल्याला म्हणाला, "दादा, नाक्यावर थांबव." तिथं उतरून तो, गुडघे धरत, दुभाजकावर चढला आणि शिवण उसवावी तसे त्यानं फ्लेक्सचे दोर एकेक करून सोडले. लोक बघत होते. फ्लेक्स त्याच्याच अंगावर पडला. प्रेमिला ऑटोतून ओरडली, "डोळ्याले लागन, सांभाळा!"

राग गेला नाही. बोलून टाकलं की जाईल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पण त्या डिसेंबरात जिल्ह्याची निवड चाचणी होती, आणि प्रेमिला घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेली. शेवटच्या भिंतीपाशी ती मांडली आणि विहंगला म्हणाली, "प्रत्येक शर्यत झाली की वेळ इथंच वाचायची, मोठ्यानं. जिले फाऊल देसान, तिले तिच्या तोंडावर सांगायचं, काहून दिला ते. यादी तासाभरात लागली पाहिजे."

"काकू, असं कुठं असतं का? तुम्ही समितीवर नाही."

"मग मले उचलून बाहेर ठेव."

विहंगनं इकडंतिकडं पाहिलं. मुलींचे आईबाप गोळा होत होते. एक जण म्हणाला, बरोबर आहे बाईचं. दुसरा म्हणाला, वाचायला काय जाते? विहंगनं खांदे उडवले आणि वेळा वाचल्या जाऊ लागल्या.

दुपारी ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत एका मुलीला बाद केलं. तेरा-चौदा वर्षांची, कळमेश्वरकडची. पंचानं चिठ्ठी खिशात घातली आणि तो निघाला. प्रेमिलानं त्याला परत बोलावलं. त्यानं कंटाळत सांगितलं, पाण्याखाली हिनं दोनदा डॉल्फिनसारखे पाय मारले, एकदाच चालते.

मुलगी लालबुंद होऊन ओरडली, "मी नाही मारले!"

"मारले," प्रेमिला म्हणाली. "मी पाहून राहिली होती. दोन मारले. बरोबर बाद केलं तुले."

ती पोरगी तिच्याकडं खाऊ की गिळू अशी पाहत राहिली. नाकपुड्या फुललेल्या, हनुवटी थरथरणारी, डोळे मात्र खाली गेले नाहीत.

"पाहतेस काय अशी?" प्रेमिला खेकसली. "जा, पाण्यात उतर आणि एकदाच पाय मारून दाखव मले. आता."